लोकांच्या बदलत्या सवयी बघून शेअर निवडता येतात का?

येतात. पण तुम्ही पुढे विचारलंय की आजूबाजूचे सगळे एखादी वस्तू वापरायला लागले की लगेच त्या कंपनीचा शेअर घ्यावा का, तर त्याला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. ह्या एका मुद्द्यावरून माझं सख्ख्या मोठ्या भावाशी इतकं वाजलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२०२१ चा ऑगस्ट. दादा पेलोटनच्या मागे लागला होता, म्हणजे घरी चालवायच्या स्क्रीनवाल्या सायकली विकणारी ती अमेरिकन कंपनी. त्याचं म्हणणं, लॉकडाऊनने लोकांची सवय कायमची बदलली, आता जिमला कोण जातंय, आणि शेअर जानेवारीत १६० डॉलरच्या वर होता तो बराच खाली आलाय तर उचलून टाकायचा. तेवढ्यात कंपनीचे वर्षाचे रिझल्ट आले. विक्री १८३ कोटी डॉलरवरून ४०२ कोटी, दादा खूश. मी बॅलन्स शीट, म्हणजे कंपनीकडे काय आहे आणि देणं किती आहे तो तक्ता, उघडली आणि फोनवरच त्याला इन्व्हेंटरीची, म्हणजे न विकलेल्या मालाची, ओळ वाचून दाखवली, गेल्या वर्षी साडेचोवीस कोटींचा माल पडून होता, आता जवळपास ९४ कोटींचा. विक्री दुपटीच्या थोडी वर आणि गोदामातला माल जवळपास चौपट, वर त्याच दिवशी कंपनीने सायकलची किंमत ४०० डॉलरने उतरवली! मागणी खरंच तेवढी असती तर किंमत कशाला कमी केली असती? तर म्हणतो, तू आकडे घेऊन बस, जग कुठं चाललंय ते तुला दिसत नाही.

नोव्हेंबरमध्ये शेअर एका दिवसात ३५ टक्के पडला आणि २०२२ संपताना १० डॉलरच्याही खाली होता. दादाने शेवटी घेतले होते की नाही ते आजतागायत सांगितलेलं नाही, पण 'हे कुणालाच कळलं नसतं' हे पालुपद अजून चालू आहे. कळत होतं. छापलेलं होतं.

पीटर लिंच ह्या नावाजलेल्या अमेरिकन फंड मॅनेजरचा दाखला सगळे देतात, बायकोला सुपरमार्केटमध्ये मिळणारे स्टॉकिंग्ज आवडले म्हणून त्याला हेन्स कंपनी सापडली वगैरे. पुढचं कोणी सांगत नाही, की दुसऱ्या कंपनीने तसाच माल आणला तेव्हा त्याने तो विकत आणून ऑफिसातल्या लोकांना वापरायला दिला आणि कसा वाटला ते विचारलं. म्हणजे ट्रेंड दिसला तिथून त्याचं काम सुरू झालं, दादासारखं संपलं नाही.

तुम्ही एवढं बघा की गिऱ्हाईक तीच वस्तू परत परत घेतं का (गोप्रोचा कॅमेरा एकदा घेतला की बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं दुसरा लागत नाही, तिथेच ती कंपनी अडकली), आणि जी वस्तू गाजतेय ती त्या कंपनीच्या एकूण विक्रीत किती आहे. मोठ्या कंपनीचं एखादं लहानसं प्रॉडक्ट तुफान चाललं तरी शेअर ढिम्म हलत नाही. आणि सगळ्यांना दिसणारा ट्रेंड बहुतेक वेळा भावात आधीच आलेला असतो, म्हणजे शेअर आधीच महागलेला असतो, हे तर तुम्हाला माहीत असेलच.

हां, इन्व्हेंटरी वाढली म्हणजे दरवेळी वाईटच असं नाही, सीझनच्या आधी किंवा नवीन दुकानं उघडताना ती वाढतेच, म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघा. सॉफ्टवेअरवाल्यांकडे तर गोदामच नसतं, तिथे किती गिऱ्हाईकं सोडून जातायत तो आकडा शोधा.