रबरी रिंगमुळे झालेला अपघात, आणि राग प्लुटोनियमवर?

प्रश्न: नमस्कार, चॅलेंजर शटलच्या अपघाताबद्दल वाचत होते. बिघाड बूस्टरच्या, म्हणजे शटलला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, रबरी रिंगमध्ये होता, मग नंतर लोक प्लुटोनियमवर चालणाऱ्या यानांच्या विरोधात का गेले? त्या शटलमध्ये प्लुटोनियम नव्हतंच ना? लोक उगाच घाबरले असं म्हणायचं का?

उत्तर: नव्हतं, बरोबर आहे तुमचं. पण उगाच घाबरले असं मी नाही म्हणणार.

28 जानेवारी 1986 ला उड्डाणानंतर 73 व्या सेकंदाला चॅलेंजर तुटलं, सातही जण गेले, त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती म्हणून कितीतरी मुलं वर्गात बसून लाइव्ह बघत होती. आणि हेच चॅलेंजर त्याच वर्षी मे महिन्यात युलिसिस नावाचं यान घेऊन जाणार होतं, ज्यात वीज बनवायला प्लुटोनियम होतं. म्हणजे हेच चार महिन्यांनी झालं असतं तर, हा विचार कुणाच्याही मनात येणारच ना.

पण माझ्या मते खरा घोळ आकड्याने केला. चौकशी समितीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते, त्यांनी विचारलं की शटल गमावण्याची शक्यता किती धरली होती, तर नासाची मॅनेजमेंट म्हणे 1 लाखात 1 आणि प्रत्यक्ष काम करणारे इंजिनिअर म्हणत होते 100 मध्ये 1. एवढा फरक! त्यात बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच सांगितलेलं की एवढ्या थंडीत रिंग नीट बसणार नाही, उडवू नका, आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही हेही बाहेर आलं. आता हीच नासा 1989 मध्ये प्लुटोनियमवर चालणारं गॅलिलिओ यान पाठवताना सांगायला लागली की प्लुटोनियम सांडण्याची शक्यता अगदी कमी आहे, तर लोकांनी कशाच्या भरवशावर मानायचं? आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. शटल मात्र सप्टेंबर 1988 मध्येच परत उडायला लागलं होतं, त्याला लोकांनी माफ केलं, मला हे जरा विचित्रच वाटतं कारण घात तर त्यानेच केला होता.

आता प्लुटोनियमचं. ही काही अणुभट्टी नाही, प्लुटोनियम-238 आपोआप गरम राहतं आणि त्या उष्णतेतून वीज काढतात, बास. शनीजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीच्या साधारण शंभरावा भागच पोचतो, तिथे 1997 सालचे सोलर पॅनल घेऊन शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाचं काम भागलं नसतं.

पण धोका शून्य होता का? नाही. 1964 मध्ये एक अमेरिकन उपग्रह कक्षेत पोचलाच नाही आणि त्यातलं जवळपास 1 किलो प्लुटोनियम वरच्या वातावरणात जळून पसरलं, हे खरंच घडलंय. त्यानंतर डिझाइन बदललं, इंधन जळून पसरण्याऐवजी कवचात अख्खं राहायला हवं असं ठरलं. 1968 मध्ये निंबस नावाच्या हवामान उपग्रहाचं रॉकेट उडताना भरकटलं म्हणून ते नष्ट करावं लागलं, तेव्हा ती कवचं समुद्राच्या तळातून शाबूत काढली आणि तेच इंधन पुढच्या उपग्रहात परत वापरलं.

मला ही 1968 ची गोष्ट कुठल्याही 'लाखात एक' पेक्षा जास्त पटते. पण ती सांगायची तर आधी 1964 ची सांगावी लागते, आणि तिथेच सगळे कचरतात. कॅसिनीच्या वेळीही लोक रस्त्यावर उतरले ते 33 किलो प्लुटोनियमच्या आकड्यावरून, पुढे ऑगस्ट 1999 मध्ये ते यान वेग घ्यायला पृथ्वीपासून जेमतेम 1,200 किलोमीटरवरून गेलं तोपर्यंत कितीतरी जणांचा जीव टांगणीला होता, आणि त्यांना मी तरी अडाणी म्हणणार नाही.