नवीन लागलेय, विचारू कुणाला?

प्रश्न: ताई नमस्कार. पवित्र पोर्टलमधून (सरकारची ऑनलाईन शिक्षक भरती) शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, जूनमध्ये लागले, द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी. पहिलीला अक्षरं घ्यायला बसले की दुसरीवाले पाचव्या मिनिटाला ‘बाई झालं’ म्हणून अंगावर येतात. मुख्याध्यापक सर चांगले आहेत पण सतत ऑनलाईन माहिती नाहीतर मीटिंग, आणि तपासणीला साहेब आले की पाठाची टाचण वही बघून सही करून जातात. जास्त विचारलं तर हिला काही येत नाही असं वाटेल, आणि तीन वर्षांनी कायम करायचा अहवाल पण तेच देणार ना? कुणाला विचारू?

उत्तर: अगं, तुझी भीती खोटी नाहीये. ज्याच्या हातात अहवाल त्याच्यासमोर आपलं अडलेलं कोण उघडं करणार, म्हणून मार्गदर्शक शक्यतो अहवालवाला नसावा असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एनसीटीईने (शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) शिक्षकांना मार्गदर्शक मिळावेत म्हणून राष्ट्रीय मार्गदर्शन मिशन आणलं, पण २०२२ च्या जुलैत त्याची सुरुवात झाली ती ३० केंद्रीय शाळांतून, केंद्रीय विद्यालयं नि नवोदय वगैरे. तुझ्या वस्तीवर ते यायची वाट बघत बसू नकोस (शिक्षणसेवकांचं मानधन ६ हजाराचं १६ हजार व्हायला पण २०२३ उजाडलं!).

तुझ्याच केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, पहिली-दुसरी एकत्र सांभाळणाऱ्या एखाद्या बाई असतीलच. केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते तिथे त्यांच्या शेजारी बस, नंबर घे आणि सरळ सांग की मला तुमचा अर्धा दिवस वर्ग बघायचाय. जायची परवानगी मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांकडून आधीच घे, बहुतेक कुणी नाही म्हणत नाही. तिथे शिकवणं बघू नकोस, त्या पहिलीत असताना दुसरी काय करते ते बघ. काम बहुतेक परिपाठाआधीच फळ्यावर लिहिलेलं असतं, ‘झालं’ म्हणणाऱ्याला पुढचं काय ते ठरलेलं असतं, गोष्टीची पुस्तकं हाताशी असतात आणि तपासायला जोडीदार असतो. मग त्यांना तुझ्या वर्गात बोलव आणि एकच काम दे, पहिल्या पंधरा मिनिटांत दुसरीतलं कोण कधी उठलं तेवढं लिहून द्या म्हणावं. वर्ग कसा वाटला असं विचारलंस तर ‘छान’ एवढंच ऐकून घरी येशील.

हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाईन माहिती) हे मात्र मुख्याध्यापकांनाच विचार, त्यात कसली लाज.

प्रश्न: माझी २२ वर्षं सर्व्हिस झाली. शाळेत नवीन मुलगा आलाय, त्याला तयार करायचं माझ्यावर दिलंय, पण तो ऐकतच नाही, सगळं मोबाईलवर दाखवतो. काय करावं?

उत्तर: सर, महिनाभर सूचना बंद ठेवा. आधी त्याला तुमच्या वर्गात मागे बसवा आणि तुमचं काय जमलं नाही ते त्याला सांगायला लावा, थोडं टोचेल, चालतंय. त्याच्या तासाला गेलात तर वहीत फक्त दिसलेलं लिहा, म्हणजे ‘व्हिडिओ ८ मिनिटं चालला, नंतर एकही प्रश्न विचारला नाही’. ‘कंट्रोल नाही’ असलं काही नको. वही त्यालाच द्या, ऑफिसात नाही. आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ‘आमच्या वेळी’ सुरू करू नका, त्या दिवसापासून तो तुम्हाला काही विचारणार नाही.