बाळाचं डायपर बदलताना वाइप्स वापरावेत की नुसतं पाणी?

दीड महिन्याच्या बाळाला दर वेळी वाइप्सनी पुसता आणि आता त्वचा लाल दिसतेय म्हणालात, तर घरी असताना वाइप्स बाजूला ठेवा, कोमट पाणी आणि कापूस किंवा मऊ सुती कापड एवढं पुरतं. शी-शू जास्त वेळ एकत्र राहिली की त्वचेचा आम्लपणा कमी होतो आणि शीमधली एन्झाइम्स त्वचेला जास्त त्रास देतात, म्हणून कशाने पुसता यापेक्षा किती लवकर बदलता हे खरंतर जास्त महत्त्वाचं.

शी वाळून चिकटली असेल तर घासू नका हो, ओला कापूस अर्धा मिनिट तसाच वर ठेवा, ती मऊ होऊन अलगद सुटते, आणि मांडीची घडी नीट उघडून बघा, तिथेच हमखास राहून जातं. मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं, मुलगा असेल तर शूच्या जागेची कातडी मागे ओढायची नाही. मग टिपून कोरडं करा, थोडा वेळ उघडं राहू द्या, लाल जागेवर झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा जाडसर थर द्या, आणि पुढच्या वेळी तो पूर्ण खरवडून काढायची गरज नाही, फक्त मळलेला भाग पुसा.

बाहेर जाताना वाइप्स चालतील, पण सुगंध आणि अल्कोहोल नसलेले. पाकिटावर मिथाइलआयसोथायाझोलिनोन (वाइप्स खराब होऊ नयेत म्हणून घालतात ते रसायन) दिसलं तर नको, त्याची अ‍ॅलर्जी येऊ शकते. पावडर तर नकोच, श्वासात जाते.

घडीत लालभडक होऊन आजूबाजूला बारीक पुरळ दिसलं किंवा दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा, फंगल म्हणजे बुरशीचा संसर्ग असेल तर औषध वेगळं लागतं.