कृषी सल्ला: माळ, खाचर, खार आणि माती परीक्षणाचे आकडे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

भातकापणी उरकली की माती परीक्षणाचे अहवाल हातात घेऊन शंका विचारणाऱ्यांची संख्या वाढते. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतले आहेत. तिन्हींचे मूळ एकच आहे. अहवालातला आकडा खरा असतो, पण तो अर्धा किलो मातीचा असतो. ती माती माळावरून आली, खाचरातून आली की खाडीकाठावरून, आणि तिथे पावसाचे पाणी कुठून येते नि कुठे जाते, हे त्या आकड्यांना जोडल्याशिवाय खताची गोणी फोडू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

पहिला प्रश्न मुरबाड तालुक्यातला: "माझी जमीन एकाच गटात आहे. वर माळ, मध्ये खाचरे, खाली ओहोळाकाठी मळा. माळाच्या अहवालात सामू ५.९, सेंद्रिय कर्ब १.१५ टक्के, पालाश हेक्टरी १९० किलो आहे. मळ्याचा सामू ७.१, कर्ब ०.७२ टक्के, पालाश ३४० किलो. माळावर नागलीसुद्धा जेमतेम येते, मग कर्ब तिथे जास्त कसा? पाकिटांची अदलाबदल झाली का? आणि सामू कमी आहे म्हणून माळाला चुना टाकू का?"

आधी शब्द समजून घ्या: सामू म्हणजे मातीचा आम्लपणा दाखवणारा आकडा (pH, सातच्या खाली आम्ल), सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-मुळांतला कार्बन, पालाश म्हणजे पोटॅश, नत्र म्हणजे नायट्रोजन आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस. अदलाबदल झालेली नाही. तुमचे अहवाल तुमच्या उताराशी अगदी जुळतात.

तुमच्या तिन्ही तुकड्यांखाली खडक एकच आहे, सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. पाऊसही एकच. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जमीन कोरडी. फरक पडतो तो उतारामुळे. माळावर पडलेले पाणी थांबत नाही. खडक कुजून जी माती होते तिच्यातला चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि सोडियम विरघळवून ते खाली नेते, बारीक मातीही सोबत जाते. मागे उरतो मुरूम आणि लोहाची ऑक्साइडे, म्हणून माळाचा रंग तांबूस आणि सामू सहाच्या खाली. तेच पाणी खाली मळ्यात येऊन रेंगाळते. वरून आलेली द्रव्ये तिथे साठतात आणि फुगणारी, चिकट चिकणमाती तयार होते. ती पावसाळ्यात पायाला लोळ्यांनी चिकटते आणि मार्चपासून भेगाळते. मधली खाचरे या दोघांच्या मधली, म्हणून त्यांचे आकडेही मधले येतात. म्हणजे वरच्या माळाचा गेलेला पालाश तुम्हाला खालच्या मळ्याच्या अहवालात दिसतो आहे.

आता कर्बाचे पाहू. इथे बहुतेकांची फसगत होते. प्रयोगशाळेत नमुना आधी वाळवतात, कुटतात आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. त्यावर राहिलेले खडे बाजूला जातात आणि परीक्षण फक्त चाळलेल्या मातीचे होते. मग हेक्टरी किलोचा हिशेब करताना वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर हेक्टरी सुमारे २२.४ लाख किलो मातीचा धरतात. मळ्याच्या मातीला हे गणित चालते, कारण तिथे खडे नसतातच. तुमच्या माळावर मात्र वजनाने चाळीस टक्के खडे असतील, तर खरी माती साठ टक्केच उरते, आणि अहवालातला १९० किलो पालाश प्रत्यक्षात ११४ किलोच्या आसपास येतो. कर्बाचेही तसेच. गवताची मुळे आणि पालापाचोळा त्या थोड्याशा बारीक मातीत एकवटतात, म्हणून टक्केवारी मोठी दिसते. पण माळावर वीत-दीड वीत खणले की मुरूम लागतो, मळ्यात कमरेएवढे खणले तरी काळी मातीच असते. एकूण साठा कुठे जास्त, हे मग वेगळे सांगायला नको. खड्यांचे प्रमाण अहवालात छापलेले नसते. ते तुम्हीच पाहायचे: ठरावीक वजनाची कोरडी माती घरच्या बारीक चाळणीतून चाळा आणि वर राहिलेले खडे तोला. अंदाजासाठी एवढे पुरेसे आहे.

कर्ब चांगला असूनही उपलब्ध नत्र "कमी" येतो, असे याच शेतकऱ्याने पुढे विचारले आहे. कर्बातून नत्र सुटतो तो जिवाणूंनी सेंद्रिय पदार्थ कुजवल्यावर. आठ महिने कोरड्या जमिनीत हे काम मंद असते. पहिला पाऊस पडला की एकदम वेग घेते, नायट्रेट तयार होतो, आणि पिकाची मुळे पसरायच्या आत जूनच्या मुसळधार सरींबरोबर तो वाहून किंवा झिरपून जातो. म्हणून आपल्या पावसात नत्र एकदम देणे म्हणजे खाडीला खत घालणे आहे. भाताच्या सुधारित जातींना हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही शिफारस आहे. त्यातला नत्र ४० टक्के लावणीला, ४० टक्के फुटव्यांच्या वेळी आणि २० टक्के पोटरी धरताना (लोंबी पोटात असताना) द्या. गुंठ्याच्या हिशेबाने वर्षभराचा नत्र साधारण एक किलो, म्हणजे सव्वादोन किलोला थोडा कमी युरिया. पाणी भरलेल्या खाचरात नायट्रेट असलेली खते टाळा, कारण चिखलात हवा नसल्याने नायट्रेटमधला नत्र वायू होऊन उडून जातो. युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) यांच्या गोळ्या चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचल्या तर हे नुकसान बरेच वाचते. त्यासाठी लावणी दोरीवर, ठरावीक अंतराने झाली पाहिजे. मजुरी वाढते हे खरे, तरी मधल्या खाचरांसाठी माझी पहिली पसंती याच पद्धतीला आहे.

चुना टाकू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या आम्ल जमिनींसाठी दिलेला सल्ला मोबाइलवरून इकडे फिरतो आणि आपले लोक तसाच अमलात आणतात. महाराष्ट्राच्या नऊ कृषी हवामान विभागांत दक्षिण कोकण आणि उत्तर कोकण वेगळे ठेवले आहेत ते यासाठीच. दोन्हीकडे पाऊस भरपूर, पण तिकडची जमीन जांभ्याची आणि आपली जांभ्याची नसलेली. ५.९ सामूला नागली-वरीला अडचण नाही. खाचरात तर पाणी भरून दोन-तीन आठवडे झाले की आम्ल मातीचा सामू आपोआप सातकडे सरकतो. चुन्याचे पैसे शेणखतात घाला. माळाच्या तांबूस मातीत लोह स्फुरदाला धरून ठेवतो, म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट विसकटून न टाकता शेणखतात मिसळून ओळीत, मुळांजवळ द्या.

आणि जात निवडताना पुन्हा उताराकडेच पाहा. आपल्या वाडवडिलांनी वरच्या खाचराला हळवे (लवकर पिकणारे), मधल्याला निमगरवे (मध्यम मुदतीचे) आणि खालच्या मळ्याला गरवे (उशिरा पिकणारे) भात ठेवले, त्यामागे पक्का हिशेब आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस परततो आणि लगेच ऊन तापते. पिकाला तेव्हा दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागते. पंचवीस सेंटिमीटरच्या मुरमाड मातीत पिकाला घेता येईल असे पाणी पंचवीस-तीस मिलिमीटरच मावते, म्हणजे जेमतेम आठवडाभराची बेगमी. मीटरभर खोल काळ्या मातीत ते दीडशे मिलिमीटर किंवा अधिक असते. त्यामुळे वरच्या खाचरांत कर्जत १८४ किंवा रत्नागिरी १ सारखे हळवे वाण, मध्ये जया, आणि कर्जत २ सारखे गरवे वाण फक्त खालच्या मळ्यात. वर गरवे लावले तर दाणा भरायच्या वेळी जमीन सुकते आणि पळिंज (पोकळ दाणे) पडते. मग दोष बियाण्याला दिला जातो. भातानंतर मळ्यात उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा घ्या. माळावर तो आग्रह धरू नका.

दुसरा प्रश्न भिवंडी तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका ताईंचा: "बांधाला खांड पडून भरतीचे पाणी दोन वर्षे शेतात येत होते. आता खांड बुजवली आहे. मे महिन्यातल्या नमुन्याचा सामू ७.८ आणि क्षारता ३.१ आली. दुकानदार जिप्सम घ्या म्हणतो. किती टाकू?"

ताई, या आकड्यांवर जिप्सम घेऊ नका. जिप्सम लागते ते चोपण जमिनीला, जिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. तिची खूण म्हणजे सामू साडेआठच्या वर आणि विनिमयक्षम सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर. तुमचा अहवाल क्षारपड जमिनीचा आहे, म्हणजे मीठ मातीतल्या पाण्यात विरघळलेले आहे आणि ते धुऊन काढता येते. विनिमयक्षम सोडियम नेहमीच्या अहवालात नसतो. खात्री हवी असेल तर ती तपासणी वेगळी मागून घ्या, आणि ती पंधराच्या वर आली तरच जिप्समचा विचार करू.

क्षारतेचा, म्हणजे विरघळलेल्या मिठाचा, आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुस्तकात क्षारपड जमिनीची मर्यादा ४ डेसीसायमन प्रति मीटर दिलेली असते, ती मातीचा संपृक्त लगदा करून काढलेल्या अर्काची. आपल्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी मिसळून मोजतात. जास्त पाण्यामुळे मीठ पातळ होते आणि आकडा लहान येतो. तेव्हा ३.१ हा चारच्या आत आहे असे समजून निर्धास्त होऊ नका. या पद्धतीत दोनच्या पुढचा आकडा नाजूक पिकांना बाधतो. दुसरी गोष्ट, नमुना मे महिन्याचा आहे. उन्हाळ्यात खालचे खारे पाणी बारीक छिद्रांतून वर चढते, वाफ होऊन जाते आणि मीठ वरच्या थरात सोडते. वर्षातली सर्वांत वाईट स्थिती तुम्ही मोजली आहे. ऑगस्टअखेर त्याच जागेची माती पुन्हा तपासा. तो आकडा बराच खाली आला तर जमीन सुधारते आहे, आणि तसाच राहिला तर पाणी कुठेतरी आत येते आहे.

तुमचे औषध पाऊसच आहे. बांध पक्का करा आणि उघाडीची (बांधातून पाणी सोडण्याच्या दाराची) झडप नीट बसते का ते पाहा: भरतीला बंद, ओहोटीला उघडी. जूनमध्ये पावसाचे पाणी शेतात भरू द्या, काही दिवस मुरू द्या आणि ओहोटीला सोडून द्या. लावणीआधी असे दोन-तीनदा करा. नांगरट उथळ ठेवा, खोल नांगराने खालचे मीठ वर येते. वाण पनवेल १, २ किंवा ३ मधले घ्या, हे खारजमिनीसाठीच निवडलेले आहेत. रोप थोडे जास्त वयाचे लावा आणि एका चुडात तीन-चार रोपे ठेवा, म्हणजे काही मेली तरी चूड रिकामा राहत नाही. कापणीनंतर पेंढ्याचे आच्छादन पसरले तर मीठ वर चढण्याचा वेग कमी होतो. गुरांच्या वैरणीतून पेंढा उरत नाही, हे मला ठाऊक आहे. निदान सर्वांत खारट तुकड्यावर तरी पसरा. आणि शेजारच्यांना सोबत घ्या. बांध एकाने राखून भागत नाही, एका शेताची खांड सगळ्या पट्ट्याला नडते.

तिसरा प्रश्न नवी मुंबईतल्या खाडीलगतच्या एका गृहसंकुलाचा आहे: झाडे दोन-तीन वर्षे वाढतात, मग शेंड्याकडून वाळतात, अहवाल मात्र उत्तम आहे. तुमचा नमुना वरच्या वीतभर आणलेल्या लाल मातीचा आहे. खाली मुरमाचा भराव आणि त्याखाली खाडीची चिकणमाती असण्याची शक्यता मोठी. मुळे तिथे पोहोचली की खारे, तुंबलेले पाणी लागते. मीटरभर खड्डा खणून प्रत्येक थराचा वेगळा नमुना द्या. खाली क्षारता जास्त निघाली तर मोठे वृक्ष उंचवट्यावर लावा किंवा करंज, उंडी यांसारखी खाऱ्या हवेला आणि जमिनीला सोसणारी झाडे निवडा.

शेवटी नमुन्याबद्दल. माळ, खाचर आणि मळा यांची माती एका पाकिटात एकत्र करू नका. तशा मिश्रणाचा अहवाल तुमच्या कोणत्याच शेताचा नसतो. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करून कडेची माती घ्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा आणि राब भाजलेली (रोपांसाठी पालापाचोळा जाळलेली) जागा टाळा. राबाच्या राखेने पालाश आणि सामू दोन्ही फुगतात. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर पत्र्याची बादली वापरू नका, तिच्यावरचे जस्त मातीत उतरते. माती सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा आणि अर्धा किलो उरली की पिशवीत भरा. आंबा-काजूसाठी ९० सेंटिमीटर खड्डा खणून दर ३० सेंटिमीटरचा नमुना वेगळा ठेवा.

पिशवीतल्या चिठ्ठीवर नाव आणि गट क्रमांक तर हवाच. त्याखाली एवढे लिहा: जमीन माळ, उतार, खाचर, मळा की खार, किती खोलीवर मुरूम लागतो, ओल्या मातीचा रंग, पावसाळ्यात पाणी किती दिवस उभे राहते, भात कापल्यावर ओल किती दिवस टिकते, नमुना कोणत्या महिन्यात घेतला. ही चिठ्ठी अहवालासोबत आणा. तीन अहवाल आणि कोरी चिठ्ठी यापेक्षा एक अहवाल आणि भरलेली चिठ्ठी असेल, तर तुमच्या शेतासाठी नेमका सल्ला देणे मला सोपे जाईल.