आइस हॉकीतील बचावपटूची व्यावसायिक कारकीर्द कशी घडत जाते?

आघाडीच्या खेळाडूंपेक्षा बचावपटू सहसा उशिरा परिपक्व होतो, कारण उलटे स्केटिंग करत प्रतिस्पर्ध्याला अडवणे, त्याच्यासाठी योग्य कोन बंद करणे आणि ताबा मिळताच पहिला अचूक पास देणे ही कौशल्ये अनुभवानेच मुरतात. स्वीडनच्या निक्लास लिडस्ट्रॉमचे उदाहरण पाहावे. वेस्टेरोस या स्थानिक क्लबमधून खेळणाऱ्या या तरुणाला १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवोदित खेळाडूंची क्रमाने निवड करण्याची प्रक्रिया) डेट्रॉइट रेड विंग्ज या अमेरिकी संघाने तिसऱ्या फेरीत, म्हणजे ५३ व्या क्रमांकावर निवडले. तरीही तो लगेच अमेरिकेला न जाता आणखी दोन वर्षे मायदेशी खेळला आणि १९९१ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये उतरला. पुढील २० हंगाम, १,५६४ सामने, तो त्याच संघाकडून खेळला.

एनएचएलमधील सर्वोत्तम बचावपटूला दरवर्षी मिळणारी नॉरिस ट्रॉफी त्याने सात वेळा जिंकली, परंतु त्यांपैकी पहिली २००१ मध्ये, म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षी. माझ्या मते याचे कारण त्याच्या शैलीत आहे: अंगावर धडकण्यापेक्षा तो काठीचा आणि जागेच्या अचूक अंदाजाचा वापर करत असे, त्यामुळे वाढत्या वयाचा फटका त्याला उशिरा बसला. (धडाकेबाज खेळ प्रेक्षकांना आवडतो, गुडघ्यांना मात्र नाही.)

चार स्टॅन्ली कप (एनएचएल विजेत्याचा करंडक), २००६ मधील ऑलिंपिक सुवर्णपदक आणि त्याच वर्षी मिळालेले रेड विंग्जचे कर्णधारपद, असा हा प्रवास २०१२ च्या निवृत्तीपर्यंत चालला. २०१५ मध्ये त्याचा हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.