आधी सगळं कॉम्प्लेक्स बनलं असं धर

स्थिर कॉम्प्लेक्सच्या (धातूच्या आयनाला अमोनियासारखे रेणू जोडून बनलेल्या कणाच्या) गणितात मोकळ्या आयनांपासून सुरुवात करू नकोस, नाहीतर किचकट घन समीकरणात अडकशील. १ मोलर अमोनियाच्या एक लिटर द्रावणात ०.०१० मोल सिल्व्हर नायट्रेट विरघळवलं असं समज. चांदीच्या एका आयनाला दोन अमोनिया जोडून बनणाऱ्या कॉम्प्लेक्सचा स्थिरता स्थिरांक (ते किती घट्ट बांधलेलं आहे हे सांगणारा आकडा) सुमारे १.७ × १० चा ७वा घात, म्हणजे चांगलाच मोठा. म्हणून आधी सगळी चांदी कॉम्प्लेक्समध्ये गेली असं धर: कॉम्प्लेक्स ०.०१० मोलर, अमोनिया ०.९८. (प्रत्येक चांदीमागे दोन अमोनिया वजा करायला मुलं हमखास विसरतात.) आता उलटं जा. किंचित विघटन होऊन क्ष इतकी चांदी सुटते:

क्ष = ०.०१० ÷ (१.७ × १० चा ७वा घात × ०.९८ चा वर्ग)

उत्तर सुमारे ६ × १० चा उणे १०वा घात मोलर. ०.०१० पुढे ते नगण्य, म्हणजे गृहीतक टिकलं. ही तपासणी मात्र कधीच टाळू नकोस. अमोनिया जेमतेम असेल तर एकाच अमोनियाचं कॉम्प्लेक्सही धरावं लागतं, तिथे ही वाट चालत नाही. अमोनियाऐवजी ईडीटीए (धातूचे आयन घट्ट पकडणारं रसायन) असेल तर आधी पीएच विचार, कारण त्याची पकड पीएचवर अवलंबून असते.