वडिलांच्या तबकड्या, घरचं रेडिओ स्टेशन आणि तीन लाखांची नोटीस

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, राहणार विलेपार्ले पूर्व. वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या तबकड्या, एलपी आणि कॅसेट मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. दोन वर्षांपासून चोवीस तास नाट्यपदं वाजवणारं इंटरनेट रेडिओ स्टेशन हौसेखातर चालवतो आहे. एका वेळी फार तर तीस-चाळीस माणसं ऐकतात. जाहिराती नाहीत. सर्व्हरच्या भाड्यासाठी क्यूआर कोड ठेवला आहे, त्यावर कोणी शंभर-दोनशे पाठवतं. गेल्या आठवड्यात एका रेकॉर्ड कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. सोबत ११ पदांची यादी. सात दिवसांत प्रसारण बंद करा, तीन लाख भरा, नाहीतर फौजदारी करू, असं म्हणतात. यादीतली ४ पदं लाखेच्या तबकड्यांवरची, ७ एलपीवरची. तबकड्या माझ्या, नफा शून्य, सर्व्हर परदेशात. मित्र म्हणतो, रेडिओला ठरावीक रॉयल्टी भरून कुणाचंही गाणं वाजवता येतं. खरं काय?

उत्तर : पैसे भरू नका. स्टेशन मात्र आजच थांबवा.

थांबवण्याचं कारण आधी सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली गुन्हा ठरतो तो जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचा. नोटीस येईपर्यंत ‘या गाण्यावर कुणाचा हक्क अजून आहे याची मला कल्पना नव्हती’ असं म्हणायला तुम्हाला थोडी तरी जागा होती. आता ती राहिली नाही. उद्या यादीतलं एक पद जरी वाजलं, तरी ते समजून-उमजून वाजवलं असंच समोरचा वकील म्हणेल. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. घाबरवत नाही. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय सबळ कारणं नोंदवून याहून कमी शिक्षा देऊ शकतं. पण तो दिलासा निकालाच्या दिवशीचा. तोवरचे हेलपाटे कोण घालणार?

तबकडी तुमची, हे खरं. चोरबाजारातून पाचशेला आणलेली तबकडीसुद्धा आणणाऱ्याचीच असते. पण ती घरी वाजवण्यापुरती. खासगी वापराची सवलत कलम ५२ देतं. चाळीस अनोळखी कानांपर्यंत गाणं पोचवणं त्यात बसत नाही. आणि चाळीस कशाला, कायद्याची व्याख्या अशी की लोकांना ऐकता येईल अशी सोय केली की पुरे, प्रत्यक्ष कोणी ऐकलं नाही तरी ते प्रसारणच. सर्व्हर परदेशात असल्याचा मुद्दा विसरा. बटण पार्ल्यात दाबलं जातं, आणि कंपनीचा कारभार जिथे चालतो तिथल्या न्यायालयात दावा लावण्याची मुभा तिला कलम ६२ ने दिलेली आहे.

तुमचा मित्र अगदीच हवेत बोलत नाहीये. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-डी आलं. त्यानुसार प्रसारण संस्था मालकाची परवानगी न घेता, आगाऊ सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून गाणी वाजवू शकते. इंटरनेटही त्यात येतं असं केंद्राच्या एका खात्याने २०१६ मध्ये म्हटलंही होतं. पण टिप्स ही रेकॉर्ड कंपनी विरुद्ध विंक हे इंटरनेटवर गाणी ऐकवणारं ॲप या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की ही सवलत रेडिओ आणि टीव्हीपुरती आहे, इंटरनेटला नाही. २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. मुंबईत बसून तुम्ही ३१-डी वर विसंबू शकत नाही.

आता तुमच्या कामाचं. एका नाट्यपदात तीन वेगवेगळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी किंवा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं तेव्हापासून ६०. दोन्हीकडे मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे १९६४ साली बाजारात आलेलं ध्वनिमुद्रण ३१ डिसेंबर २०२४ ला मोकळं झालं.

‘मानापमान’ घ्या. नाटक १९११ चं. पदं खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले, शब्द २००८ अखेर मोकळे. चाली गोविंदराव टेंब्यांच्या; ते १९५५ साली गेले, चाली २०१५ अखेर मोकळ्या. त्यातल्या पदाची १९३० च्या दशकातली तबकडी असेल तर तीही मोकळी, बिनदिक्कत वाजवा. तेच पद दुसऱ्या गायकाने १९७२ च्या एलपीवर गायलं असेल, तर ते ध्वनिमुद्रण २०३२ संपेपर्यंत कंपनीचं. उलटा पेचही होतो. मास्टर कृष्णरावांनी एखाद्या अभंगाला चाल दिली, तबकडी १९४० च्या आत निघाली : शब्द संतांचे, तबकडी मोकळी, पण बुवा १९७४ साली गेले, तेव्हा चाल २०३४ अखेरपर्यंत बांधलेली. शब्द आणि चालीचा परवाना आयपीआरएस या संस्थेकडून मिळतो. पुष्कळ हौशी मंडळी तेवढाच घेतात आणि निर्धास्त होतात. ध्वनिमुद्रणाची परवानगी रेकॉर्ड कंपनीकडून वेगळी घ्यावी लागते.

लाखेची म्हणजे जुनी, असं धरून चालू नका. तशा तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. लेबलवर साल सहसा नसतं, क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून साल काढणारी जाणकार मंडळी मुंबईतच आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या लोकांना विचारा. आणि उतरवून घ्यायचं ते तुमच्या तबकडीवरूनच. कंपनीने साफसूफ करून काढलेल्या सीडीवरून घेतलंत तर नवा वाद ओढवून घ्याल. खरखर असू दे.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, पण स्वतः नको. वडिलांच्या आठवणी सांगणारं चार पानी पत्र म्हणजे समोरच्याच्या हाती लेखी कबुली. वकिलामार्फत, आमच्या हक्कांना बाधा न येता, असं लिहून एवढंच कळवा : प्रसारण थांबवलं आहे, प्रत्येक ध्वनिमुद्रणाचं प्रसिद्धीचं साल आणि तुमच्या कंपनीच्या मालकीचा कागद दाखवा, लाखेच्या तबकड्यांवरच्या ४ पदांवर हक्क कशाच्या आधारे सांगता, ते कळवा. एवढ्यानेच यादी लहान होते, असा माझा अनुभव आहे. तीन लाख हा आकडा कायद्यात कुठेही नाही. नुकसान किंवा तुमचा नफा त्यांनी सिद्ध करायचा, आणि नफा तुमच्याकडे नाही. उरलेल्या ७ पदांबाबत मात्र तुमची बाजू लंगडी आहे. तिथे पुन्हा न वाजवण्याची लेखी हमी आणि जमलं तर एखादी माफक रक्कम देऊन मिटवणं शहाणपणाचं.

क्यूआर कोड काढून टाका, पण त्यावर आलेल्या पैशांचा आणि सर्व्हरच्या बिलांचा हिशेब जपून ठेवा. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगायला नको. हौस म्हणताना पैसे स्वीकारणं, हीच तुमच्या बचावातली फट आहे.

आकाशवाणीवरून टेप केलेल्या कॅसेट वेगळ्या काढा. त्यांत प्रसारण संस्थेचा २५ वर्षांचा आणि कलाकाराचा ५० वर्षांचा असे आणखी हक्क गुंतलेले असतात. त्या घरी ऐका.

स्टेशन पुन्हा सुरू करताना तासभराचीच प्लेलिस्ट उरली तर पार्ल्यातल्याच गाणाऱ्यांना बसवा. मोकळ्या शब्दांची, मोकळ्या चालींची पदं त्यांच्याकडून गाऊन घ्या. मात्र चाल मूळचीच हवी, नंतर कुणी बदललेली नको. गायक, पेटीवाला, तबलजी, तिघांची लेखी संमती ध्वनिमुद्रणाच्या आधी घ्या, नंतर नाही.